इंग्रजी, चालीसकट

या वीकांताचा विषय इंग्रजी. घाबरू नका, मराठी माध्यम की इंग्रजी माध्यम हा वाद इथे घालणार नाहीये. तो घरोघरी पुरेसा चालू आहे. मला सांगायचंय ते गाण्यांबद्दल. गाणी म्हणवून घेऊन इंग्रजी शिकवणं ही गोष्ट आपल्याकडे कुठून आली, मधली शंभरेक वर्षं कुठे गेली होती आणि परत आली तेव्हा काय होऊन आली, त्याचा हा थोडासा इतिहास.

निमित्त असं की गेले काही महिने दर शनिवारी सकाळी आम्ही चार-पाच मित्र खोपटला, एसटी स्टँडपासून पाच मिनिटांवर असलेल्या एका चाळीच्या हॉलमध्ये तिसरी-चौथीच्या मुलांना इंग्रजी शिकवतो. (सगळे आयटीवाले. आठवडाभर कॉलवर जे इंग्रजी बोलतो त्याचं पापक्षालन म्हणा हवं तर.) मुलं सगळी मराठी माध्यमातली. यातल्या बहुतेकांना आठ-दहा इंग्रजी गाणी तोंडपाठ आहेत. हातवारे करून, माना डोलावून, एका सुरात म्हणतात. पण ‘ट्विंकल ट्विंकल’ मधला ‘वंडर’ हा शब्द सुटा करून फळ्यावर लिहिला तर एकालाही तो ओळखता आला नाही. अर्थ तर सोडाच, हा शब्द आपण रोज म्हणतो हेच त्यांना पटेना. तिथून माझ्या डोक्यात किडा शिरला. गाण्यातून भाषा येते, असं सगळे म्हणतात. मग इथे गाणं आलं आणि भाषा का नाही आली?

तर मंडळी, सुरुवात इंग्रजीच्या बरीच आधीपासून करावी लागते.

आपल्याकडे शिकणं म्हणजे म्हणणं होतं. दिवेलागणीला परवचा म्हणायचा, त्यात पाढे यायचे, पावकी-निमकी यायची, तिथी-नक्षत्रं यायची. सगळ्याला एक ठेका. संस्कृत शिकणारा मुलगा पाठशाळेत पहिल्यांदा अमरकोश पाठ करायचा. अमरकोश म्हणजे शब्दकोशच, पण पद्यात. एका अर्थाचे शब्द छंदात ओवलेले, म्हणजे एक आठवला की पुढचा आपोआप ओठावर येतो. कोश उघडून शब्द शोधायचा नाही, कोश डोक्यात घेऊनच हिंडायचं. कागद महाग आणि पुस्तक दुर्मिळ असताना दुसरा उपायही नव्हता.

परकी भाषा शिकवायलाही हीच युक्ती वापरली जायची. फारसी ही जेव्हा दरबाराची भाषा होती तेव्हा उत्तरेत मकतबांमधून ‘खालिकबारी’ नावाचं एक पद्य मुलांकडून घोकून घेत. त्यात फारसी-अरबी शब्द आणि त्यांचे हिंदवी प्रतिशब्द एकाच ओळीत गुंफलेले. परंपरा ते अमीर खुस्रोच्या नावावर घालते, अभ्यासकांमध्ये त्यावर मतभेद आहेत. कर्ता कुणीही असो, पद्धत बघा: नोकरीला लागणारी परभाषा, आणि ती पोचवायला आपल्या कानाच्या ओळखीचा ठेका.

महाराष्ट्रात याचं उलट्या दिशेचं उदाहरण आहे. शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून तयार झालेला ‘राज्यव्यवहारकोश’. राज्यकारभारात फारसी शब्दांचा सुळसुळाट झाला होता, त्यांना संस्कृत पर्याय देण्यासाठी हा कोश रचला गेला. रचला हा शब्द मुद्दाम वापरतोय, कारण तोही श्लोकांत आहे. आज आपण एखाद्या सरकारी परिभाषाकोशाची पीडीएफ उतरवून घेतो आणि विसरून जातो. सतराव्या शतकातला कारकून तो पाठ करू शकेल अशा रूपात त्याच्या हाती दिला गेला. एका अर्थाने तेव्हाचं युजर इंटरफेस होतं ते, आणि चांगलं होतं.

एवढी मोठी परंपरा असताना इंग्रजी आलं तेव्हा ती का वापरली गेली नाही? थोडी वापरली गेली, पण चोरून.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मुंबईत शिक्षणाचं माध्यम काय असावं यावर जोरदार वाद झाला. बोर्ड ऑफ एज्युकेशनचे अध्यक्ष अर्स्किन पेरी इंग्रजीच्या बाजूचे, तर जगन्नाथ शंकरशेट यांच्यासारखे लोक देशी भाषांच्या बाजूचे. पुढे १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झालं आणि मॅट्रिकच्या परीक्षेला महत्त्व आलं. त्याच्या चारच वर्षं आधी, १६ एप्रिल १८५३ ला, बोरीबंदरहून पहिली आगगाडी आमच्या ठाण्याला आली होती. या दोन गोष्टी एकत्र ठेवल्या की चित्र स्पष्ट होतं. इंग्रजी येणाऱ्याला मुंबईच्या कचेरीत जागा, आणि कचेरीत पोचायला गाडी. इंग्रजीला ‘वाघिणीचं दूध’ म्हणायची पद्धत आहे, विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या नावाने ते सांगितलं जातं. ठाण्या-कल्याणच्या माणसाच्या दृष्टीने मात्र ते दूध कमी आणि सकाळची लोकल जास्त होती.

या इंग्रजीचा अभ्यास दोन गोष्टींवर चालायचा: व्याकरण आणि भाषांतर. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढ्यांनी झिजवली. मराठी वाक्य, त्याचं इंग्रजी. इंग्रजी वाक्य, त्याचं मराठी. त्या पाठमालेबद्दल आज कुचेष्टेने बोललं जातं, पण शिक्षक नसलेल्या गावातही माणूस त्यावर स्वतःचा स्वतः इंग्रजी वाचायला शिकत असे, हे लक्षात ठेवायला हवं. त्यात नसे ते बोलणं. आणि ऐकणं तर नसेच.

पण वर्गातल्या पोरांनी आणि मास्तरांनी मिळून त्यातही परवचा घुसवलाच. ‘सी ए टी कॅट, कॅट म्हणजे मांजर. आर ए टी रॅट, रॅट म्हणजे उंदीर.’ हे कोणी लिहिलं, कोणत्या पुस्तकात छापलं, असं काही नाही. पण महाराष्ट्रातच नव्हे, देशभर आपापल्या भाषेत ते म्हटलं गेलं. नीट पाहिलं तर ही खालिकबारीच आहे: परका शब्द, त्याचा देशी अर्थ, आणि खाली ठेका. वर स्पेलिंगही फुकट. ही घोषणा इतकी सर्वतोमुखी होती की १९५८ च्या ‘दिल्ली का ठग’ या चित्रपटात तिच्यावरून चक्क एक द्वंद्वगीत झालं. किशोर कुमार आणि आशा भोसले यांचा आवाज, संगीत रवींचं, पडद्यावर किशोर आणि नूतन. थिएटरातल्या प्रत्येकाला तो विनोद कळत होता, कारण प्रत्येकजण त्या वर्गात कधी ना कधी बसलेला होता.

याच घोकंपट्टीविरुद्ध पहिलं बंड साहेबानेच केलं. युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ‘डायरेक्ट मेथड’ची लाट आली. मातृभाषेतून अर्थ सांगायचा नाही, भाषांतर करायचं नाही, वस्तू दाखवून आणि कृती करून थेट इंग्रजीतच शिकवायचं. मुंबई इलाख्यात तिचा पुरस्कार करणाऱ्यांपैकी एक म्हणजे पर्सिव्हल ख्रिस्तोफर रेन. होय, ‘रेन अँड मार्टिन’ मधले रेन! हे गृहस्थ १९०३ मध्ये हिंदुस्थानात आले, शिक्षण खात्यात होते, हिंदी शाळांमधून थेट पद्धतीने इंग्रजी कसं शिकवावं यावर त्यांनी पुस्तक लिहिलं. पुढे ‘बो जेस्ट’ (१९२४) ही फ्रेंच फॉरिन लीजनवरची कादंबरी लिहून ते जगभर प्रसिद्ध झाले. आणि आपल्याकडे त्यांचं नाव कशासाठी राहिलं? तर व्याकरणाच्या जाडजूड पुस्तकासाठी, जे आजही नव्या आवृत्त्यांतून छापलं जातं. थेट बोलायला शिकवा म्हणणाऱ्या माणसाची आठवण आपण नियम पाठ करून जपली. यापेक्षा मोठा काव्यगत न्याय (की अन्याय?) मला तरी माहीत नाही.

थेट पद्धतीत गाण्याला जागा होती, पण ती पद्धत चालवायला इंग्रजी अस्खलित बोलणारा मास्तर लागतो. तो किती शाळांत मिळणार? त्यामुळे ढाक्याला शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयात असलेल्या मायकेल वेस्ट यांनी १९२० च्या दशकात वेगळाच मुद्दा मांडला. इथल्या बहुतेक मुलांना इंग्रजी बोलायची वेळ क्वचित येणार, शाळाही ती अर्धवट सोडणार. मग त्यांना आधी वाचायला शिकवा, निवडक शब्दांत लिहिलेली पुस्तकं द्या. मुद्दा बिनतोड होता. पण त्यात कान पुन्हा मागे पडला.

स्वातंत्र्यानंतर बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाच्या काळात मुंबई राज्यात सरकारी धोरणाने इंग्रजी आठवीपर्यंत मागे ढकललं गेलं. पुढे महाराष्ट्रात ते पाचवीपासून आलं आणि तिथेच बरीच वर्षं राहिलं. आमच्या आई-वडिलांची पिढी या पाचवीवाल्यांची. पाठ्यपुस्तकं तेव्हा रचनावादी होती, म्हणजे वाक्यांचे साचे सोप्याकडून कठीणकडे लावलेले. हे पुस्तक आहे, ते टेबल आहे, पुस्तक टेबलावर आहे. वाईट नव्हतं ते. पण अकरा वर्षांचा मुलगा नव्या भाषेत हातवारे करून गाणं म्हणेल का? त्या वयात मिसरूड फुटायची स्वप्नं पडत असतात. गाण्याने भाषा शिकायचं वय शाळेत इंग्रजी सुरू होईपर्यंत निघून गेलेलं असे.

मग या काळात इंग्रजी गाणी कुठे होती? कॉन्व्हेंटात. ठाण्यात काय, डोंबिवलीत काय, मराठी शाळेतला मुलगा आणि कॉन्व्हेंटातला मुलगा यांच्यातला फरक पाहुण्यांसमोर दिसायचा तो इथे. ‘बाळ, राइम म्हणून दाखव.’ बाळ म्हणून दाखवायचा, पाहुणे कौतुकाने बघायचे. ती गाणी भाषा शिकण्याचं साधन होती त्यापेक्षा आपण कुठे पोचलोय याचा दाखला जास्त होती.

आणि गंमत म्हणजे त्या गाण्यांचा इतिहास काही राजेशाही वगैरे नाही. ‘ट्विंकल’ची मूळ कविता जेन टेलर या इंग्लिश बाईने लिहिली, १८०६ मध्ये छापली गेली. चाल मात्र फ्रेंच, त्याहून जुनी, १७६१ मध्ये छापलेली सापडते. त्याच चालीवर मोझार्टने पियानोसाठी प्रकार बांधले. आणि त्याच चालीवर १८३५ मध्ये अमेरिकेत बॉस्टनच्या एका संगीत-प्रकाशकाने इंग्रजी मुळाक्षरं बसवून त्याचा कॉपीराइट घेतला. म्हणजे आपण जी ए-बी-सी-डी गाऊन म्हणतो ती. मुद्दा असा की इंग्रजांनाही आपली अक्षरं पाठ करायला चाल लागलीच. परवचा त्यांच्याकडेही होता.

आता जरा बाहेर बघू. १९६०-७० च्या दशकांत परदेशी भाषाशिक्षणात उलथापालथ झाली. बल्गेरियात लोझानोव्ह यांनी पार्श्वसंगीत लावून, मनावरचा ताण उतरवून भाषा शिकवायचे प्रयोग केले. अमेरिकेत जेम्स अ‍ॅशर यांनी सांगितलं की मूल आधी आज्ञा ऐकून हालचाल करतं आणि बोलतं नंतर, म्हणून परभाषाही हालचालीतून शिकवा. आणि न्यूयॉर्कमध्ये कॅरोलिन ग्रॅहम नावाच्या बाई होत्या. इंग्रजी शिकवायच्या आणि पियानोवर रॅगटाइम वाजवायच्या. त्यांच्या लक्षात आलं की अमेरिकन माणसाच्या साध्या बोलण्यातही जॅझचा ठेका आहे. मग त्यांनी रोजच्या बोलण्यातली वाक्यं घेऊन ती टाळ्यांवर म्हणायला लावली. १९७८ मध्ये ‘जॅझ चँट्स’ हे त्यांचं पुस्तक आलं आणि जगभरच्या इंग्रजीच्या वर्गात पोचलं. सूर नाही, नुसता ठेका आणि संवाद. एका गटाने विचारायचं, दुसऱ्याने उत्तर द्यायचं. आपल्याला ऐकल्यासारखं वाटतंय ना? वाटणारच.

यातली ठेक्याची गोष्ट जरा नीट सांगतो, कारण सगळी गंमत तिथे आहे.

मराठी पद्य मोजतं ते लघु-गुरू, किंवा अक्षरसंख्या. ऱ्हस्वाला एक मात्रा, दीर्घाला दोन. आपला कान लांबी ऐकतो. (आमचं ठाणं तर असं गाव की जिथे पी. सावळारामांसारखा गीतकार नगराध्यक्ष झाला. त्यामुळे मात्रांचं आम्हाला सांगू नका :) ) इंग्रजी पद्य मोजतं ते आघात. एका ओळीत चार जोरदार ठोके, मधे दोन अक्षरं येवोत की तीन, ती घाईत उरकायची. बोलण्यातही तेच. ‘बॉइज प्ले गेम्स’ मध्ये तीन ठोके आहेत. ‘द बॉइज आर प्लेइंग द गेम्स’ मध्येही तीनच. वाढलेले ‘द’, ‘आर’, ‘इंग’ मधल्या फटींत चिरडले जातात. यंत्राने मोजायला गेलं तर हे इतकं काटेकोर निघत नाही, पण कल तसा आहे. आपण मात्र प्रत्येक अक्षराला न्याय देतो, लोकशाहीच आहे आपली. म्हणून आपलं इंग्रजी परक्याला एकसुरी वाटतं आणि त्यांचं इंग्रजी आपल्याला अर्धं गिळलेलं वाटतं.

ऑफिसमध्ये हे रोज दिसतं. ‘रेकॉर्ड’ हा शब्द नाम असेल तर जोर पहिल्या भागावर, क्रियापद असेल तर दुसऱ्यावर. ‘इव्हेंट’चा जोर दुसऱ्या भागावर, आपण सगळे तो पहिल्यावर देतो. कॉलवरचा क्लायंट ‘सॉरी?’ म्हणतो तेव्हा दर वेळी व्याकरण चुकलेलं नसतं, ठोका चुकलेला असतो. आणि ठोका नियम पाठ करून बसत नाही, तो टाळीवर बसतो. ‘माय फेअर लेडी’ या संगीतिकेत एलायझाचा उच्चार शेवटी सुधारतो तो क्षण गाण्यात का आहे, हे मला या वाचनानंतर जास्त पटलं. पुलंनी त्याच मूळ नाटकावरून १९७५ मध्ये ‘ती फुलराणी’ आणली, आणि भाषा बदलली की माणसाची जागा कशी बदलते हे मराठीतल्या मराठीत दाखवून दिलं.

बरं, गाण्याने खरंच फायदा होतो का, की हा नुसता उत्साह? एडिंबरा विद्यापीठातल्या संशोधकांनी एक प्रयोग केला, २०१४ मध्ये तो प्रसिद्ध झाला. साठ प्रौढ माणसं, त्यांना अजिबात न येणारी हंगेरियन भाषा, आणि पंधरा मिनिटं. एका गटाने वाक्यं साधी म्हणायची, दुसऱ्याने ठेक्यात, तिसऱ्याने गाऊन. नंतर चाचणीत गाणारा गट पुढे निघाला, विशेषतः हंगेरियनमध्ये बोलून दाखवायच्या चाचण्यांत. १९९४ च्या एका जुन्या अमेरिकन अभ्यासात आणखी एक बारकावा आहे: चाल मदत करते, पण ती पुन्हा पुन्हा कानावर पडून ओळखीची झाली तरच. एकदाच ऐकलेली चाल उलट अडथळा होऊ शकते. म्हणजे नवीन भाषा आणि नवीन चाल एकदम नको.

आणि गाण्यांच्या मर्यादेवरही काम झालंय. टिम मर्फी या भाषाशिक्षकाने १९९२ मध्ये पन्नास इंग्रजी पॉप गाण्यांतली भाषा तपासली. गाण्यांत शब्द साधे, पुनरुक्ती भरपूर, वेग साध्या बोलण्याच्या सुमारे निम्मा. शिकणाऱ्याला सोन्यासारखं. पण त्यांत ‘मी’ आणि ‘तू’ कोण, कुठे, केव्हा, हे बहुधा सांगितलेलंच नसतं. ऐकणारा स्वतःला हवं ते भरून घेतो. म्हणूनच गाणी सगळ्यांना आपली वाटतात, आणि म्हणूनच अर्थ न कळताही ती सुखाने म्हणता येतात.

आता परत महाराष्ट्रात. जून २००० मध्ये राज्यातल्या मराठी शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. शिक्षणमंत्री होते रामकृष्ण मोरे. तेव्हा भरपूर गदारोळ झाला. साहित्यिकांपैकी अनेकांचा विरोध होता: मुलाची मातृभाषा पक्की व्हायच्या आत दुसरी भाषा लादू नका, लिहिता-वाचता येणारा शिक्षक आधी तयार करा. दुसरी बाजू म्हणत होती की इंग्रजी लवकर मिळतं ते फक्त पैसेवाल्यांच्या मुलांना, मग खेड्यातल्या आणि पालिका शाळेतल्या मुलांनी काय पाप केलंय? दोन्ही बाजू खऱ्या होत्या. सत्तेत असलेली बाजू झाली.

मी त्या धोरणाचं उत्पादन आहे. धोरण आलं त्यानंतर दोनेक वर्षांनी मी ठाण्यातल्या एका मराठी शाळेत पहिलीला गेलो. माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठ्या मावसभावाला इंग्रजी पाचवीत सुरू झालं होतं, मला पहिलीत. आम्हाला त्या वर्षी इंग्रजीत लिहायचं जवळजवळ नव्हतंच. चित्रं, आज्ञा आणि गाणी. उठा, बसा, दाराला हात लावा, नाकाला हात लावा. अ‍ॅशरसाहेब अमेरिकेतून थेट आमच्या वर्गात अवतरले होते, हे मला वीस वर्षांनी कळलं. कॉन्व्हेंटातल्या बाळाची मक्तेदारी मोडली होती. एवढ्यासाठी मी त्या निर्णयाचा ऋणी आहे, हे इथे स्पष्ट सांगतो.

पण ज्या बाई आम्हाला ती गाणी शिकवत होत्या त्या स्वतः पाचवीपासूनचं इंग्रजी शिकलेल्या, भाषांतर-व्याकरणाच्या वर्गातून आलेल्या. राज्यभर हजारो शिक्षकांची हीच स्थिती होती. ज्यांनी आयुष्यात इंग्रजी गाणं म्हटलं नाही त्यांनी ते आता तीस-चाळीस मुलांपुढे म्हणायचं होतं. त्यांनी काय केलं? त्यांना जे येत होतं ते केलं. इंग्रजी गाण्याला परवचाची चाल लावली. प्रत्येक अक्षर सारखं, प्रत्येक मात्रा पूर्ण. गाणं पाठ झालं, पण इंग्रजीचा ठोका त्यातून गळून गेला.

याच अडचणीवर पुण्याच्या सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेस या संस्थेने एक फार शहाणा उपाय काढला होता. आकाशवाणीवरून शाळांसाठी इंग्रजीचे पाठ. रेडिओतला आवाज बोलतो, थांबतो, आणि त्या थांबलेल्या वेळात वर्गातली मुलं उत्तर देतात किंवा सोबत गातात. वर्गातल्या शिक्षकाला इंग्रजी अस्खलित येत नसलं तरी चालतं, तोही मुलांबरोबर शिकतो. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला केनियात प्राथमिक शाळांमध्ये इंग्रजीसाठी असाच परस्परसंवादी रेडिओ वापरला गेला होता. तंत्रज्ञान म्हणाल तर एक ट्रान्झिस्टर. आज ‘दीक्षा’ ॲपवर क्यूआर कोड स्कॅन करून पुस्तकातली गाणी ऐकता येतात. ते उत्तमच आहे, पण व्हिडिओ थांबून उत्तराची वाट बघत नाही. रेडिओचा तो मोकळा सोडलेला क्षण, तीच खरी करामत होती.

गाणं आणि मजकूर जोडायची आणखी एक देशी कल्पना इथे सांगायलाच हवी. अहमदाबादच्या आयआयएममधले ब्रिज कोठारी यांनी चित्रपटगीतांखाली त्याच भाषेत ओळी दाखवायचा प्रयोग केला, आणि पुढे दूरदर्शनच्या ‘चित्रहार’मध्ये तो आला. म्हटलेला शब्द त्याच क्षणी अक्षरात दिसतो, त्यामुळे जेमतेम वाचता येणारी माणसं न कळत वाचत राहतात. उद्देश इंग्रजी नव्हता, साक्षरता होता. पण माझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यात आहे.

कारण खोपटच्या हॉलमध्ये जे घडलं ते याच दोन जागी तुटलेलं होतं. कानाने ऐकलेलं गाणं आणि डोळ्याने पाहिलेला शब्द यांची गाठ पडलेली नव्हती. इंग्रजी बोलणाऱ्या देशांतही मुलं ए-बी-सी गाताना मधली पाच अक्षरं घाईत म्हणतात आणि ‘एलेमेनोपी’ नावाचं एकच अक्षर आहे असं समजतात. पण त्या मुलांना ती गाठ घरात, रस्त्यात, टीव्हीवर सुटून मिळते. आमच्या मुलांना ती सुटायला वर्गाबाहेर जागा नाही. त्यांच्याकडे तोच एक तास.

हे सगळं एवढं का सांगतोय? कारण त्या गाण्यांच्या भरवशावर निर्णय घेतले जातायत. आमच्या वर्गातल्या एका मुलीचे वडील रिक्षा चालवतात. धाकट्याला त्यांनी गल्लीतल्या एका इंग्रजी माध्यमाच्या बालवाडीत घातलंय. फी दोन हप्त्यांत भरतात. कारण विचारलं तर म्हणाले, ‘सर, तीन महिन्यांत पोरगं सात गाणी म्हणायला लागलं. हिला मराठी शाळेत तिसरीपर्यंत तेवढी आली नव्हती.’ त्यांना मी काय सांगणार होतो? आई-बापाला स्वतःला भाषा येत नसेल तर ती येते की नाही हे तपासायचं एकच माप त्यांच्या हातात असतं: म्हणून दाखवता येतं का. स्नेहसंमेलनातलं गाणं हेच त्यांचं प्रगतिपुस्तक. आणि त्या मापावर मराठी शाळा हरते, पट कमी होतो, तुकडी बंद होते. खरं तर बालवाडीतल्या त्या सात गाण्यांतलं इंग्रजी आणि ताईच्या तीन गाण्यांतलं इंग्रजी सारखंच आहे. ‘वंडर’ दोघांनाही माहीत नाही.

म्हणून आता आम्ही काय करतो ते सांगून थांबतो. कुणाला उपयोग झाला तर झाला. एका महिन्यात एकच गाणं. चाल मुलांच्या ओळखीची, मराठी बडबडगीताची चालली तरी चालते, फक्त शब्द बसवताना इंग्रजीचा ठोका टाळीवर आला पाहिजे, तो चुकला तर शब्द बदलायचे. आधी ठेका, मग शब्द, मग फळ्यावर ओळ लिहून बोट फिरवत म्हणायची. मग अर्थ, आणि तो सरळ मराठीतून. डायरेक्ट मेथडवाल्यांची माफी मागून. शेवटी सगळ्यात महत्त्वाचं, गाण्यातला एक शब्द काढून घ्यायचा आणि त्या जागी मुलांनी आपला शब्द घालायचा. बाजारात काय पाहिलं, डब्यात काय आणलं, एसटी स्टँडवर कोणती गाडी लागली. आपला शब्द घालता आला की गाणं तिचं झालं. नुसतं पूर्ण गाणं म्हणता येणं आम्ही मोजतच नाही.

आणि पालकांना दर महिन्याच्या शेवटी बोलावतो. त्यांच्यासमोर मुलं गाणं म्हणत नाहीत. पालकांनी एक मराठी शब्द सुचवायचा, मुलांनी तो इंग्रजीत करून गाण्यात बसवायचा. गेल्या वेळी त्या रिक्षावाल्या वडिलांनी ‘पंक्चर’ सुचवला. मुलगी लगेच म्हणाली, ‘बाबा, तो इंग्रजीच आहे!’ ते पोट धरून हसले, मग जरा वेळाने विचारात पडून म्हणाले, ‘म्हणजे मलापण येतं थोडं.’

माप बदललं की हे असं होतं. पुढच्या शनिवारी धाकट्यालाही आणणार आहेत.